लेकीच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मायलिनचे पांढरे डाग आणि उणे साडेनऊ नंबर : कोणाला अनुभव आहे का?

चाफेकळी | १४ जून, रात्री ११.२०

नमस्कार. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. मुलगी साडेचार वर्षांची आहे, इथे तिला चिऊच म्हणते.

मे महिन्यात घरात मुंज झाली. नणंदेनं फोटो पाठवले. एका फोटोत चिऊ लाडू खात सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. उजव्या डोळ्यात फ्लॅशचा नेहमीचा लाल ठिपका आणि डाव्या डोळ्यात पांढरट चमक, रात्री मांजराचे डोळे चमकतात तशी. मी जुने फोटो काढून बसले. मागच्या गणपतीतल्या एका फोटोतही तेच होतं आणि तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नेटवर शोधलं तर पहिलाच शब्द आला तो डोळ्याच्या कॅन्सरचा. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नौपाड्यात, मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. थेंब घालून बाहुली मोठी केली, कपाळावर दिवा बांधून हातातल्या भिंगातून दोन्ही डोळे बघितले. डाव्या डोळ्याची सोनोग्राफीही केली. डॉक्टर म्हणाल्या, "गाठ नाही, आधी श्वास घ्या." मी तिथेच रडले.

त्यांनी सांगितलं की पडद्यावरच्या काही नसांना मायलिनचं आवरण आलंय, जे तिथे असायला नको होतं. म्हणून तो भाग पांढरा दिसतो. त्यानं जिवाला धोका नाही. पण मग घरी तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचं मलम घालायला लावून परत नंबर काढला, तर उजवा अधिक पाऊण आणि डावा उणे साडेनऊ! डाव्या डोळ्यानं तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं ओळखलं, म्हणजे ६/६० (चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून). डोळा आळशी झालाय म्हणाल्या. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी.

दोनच महिन्यांपूर्वी तिच्या शाळेत डोळे तपासले होते आणि कार्डावर 'नॉर्मल' लिहून आलं होतं. आता विचारल्यावर चिऊ सांगते, दोन्ही डोळे उघडेच ठेवून चित्रं विचारली होती. लांबून येणाऱ्या टीएमटी बसचा नंबर ही मुलगी वाचते. आम्हाला शंका येणार कुठून?

तो पांढरा भाग ऑपरेशननं काढता येतो का? नंबर वाढत जाणार का? पट्टीचा खरंच उपयोग होतो का? सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला कशाला त्रास, जरा मोठी होऊ दे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही : गरोदरपणात माझ्याकडून काही चुकलं का?

पारसिक | १५ जून, सकाळी ७.०५

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे दृष्टी तपासून नंबर काढणारी. राहते कळव्याला, काम वाशीला. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. ही जडणघडण पोटातच होते. मोबाइल, खाणंपिणं, ग्रहण, टीव्ही यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही.

पांढरा भाग काढता येत नाही आणि काढायची गरजही नसते. ती नसच आहे, तिच्यावरचं आवरण खरवडायला गेलं तर नस जाईल. तो डाग सहसा वाढतही नाही, आहे तसाच राहतो. झगडायचं आहे ते नंबराशी आणि आळशी डोळ्याशी.

आळशी डोळा म्हणजे काय हे सासूबाईंना असं सांगून बघा. डोळा नुसतं चित्र पाठवतो, बघायला शिकतो तो मेंदू. डावीकडून वर्षानुवर्षं धुरकट चित्र येतंय, उजवीकडून स्वच्छ. मेंदूनं डावीकडचं ऐकणंच सोडून दिलं. ती सवय मोडायची तर लहानपणीच, सात-आठ वर्षांच्या आत सगळ्यात चांगली मोडते. त्यानंतरही थोडं साधतं, पण कष्ट वाढतात आणि पदरात कमी पडतं. 'मोठी होऊ दे' म्हणून थांबलेली मुलं मी दर महिन्याला बघते आणि दर वेळी पोटात तुटतं.

शाळेतल्या तपासणीबद्दल तुमचा राग रास्त आहे. एक डोळा झाकल्याशिवाय केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. हे वाचणाऱ्या सगळ्या आईबाबांना हात जोडून सांगते : आज रात्री मुलाचा एक डोळा तळहातानं झाका आणि त्याला गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र दाखवा. मग दुसरा झाका. एका बाजूला मूल निवांत बसलं आणि दुसऱ्या बाजूला हात ढकलायला लागलं, चिडलं, मान वळवून बघू लागलं, तर उद्याच डॉक्टर गाठा.

आणि फोटोत बाहुली पांढरी दिसली तर चाफेकळी ताईंनी केलं तेच करा. कधीकधी निरोगी मुलाचा डोळा एका विशिष्ट कोनात वळलेला असला की फ्लॅश नसेच्या तोंडावर, म्हणजे दृष्टीची नस डोळ्यात शिरते त्या जागेवर, पडून तशी चमक येते. पण ते घरी ठरवायचं नसतं. मोतीबिंदू, पडद्याचे आजार, रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांमधला पडद्याचा कॅन्सर), यातलं काय नाही हे बाहुली मोठी करून बघितल्यावरच कळतं.

अण्णा खारीगाव | १५ जून, सकाळी ९.४०

बाळ लवकर बरी होवो. आमच्या वेळी एवढे नंबर नसायचे. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा, गाजर-पालक द्या, सकाळी गवतावर अनवाणी चालवा. माझ्या पुतण्याचा नंबर डोळ्यांच्या व्यायामानं उतरला होता.

पारसिक | १५ जून, दुपारी १.१५

अण्णा, तुमच्या शब्दांमागची माया कळते. गाजर-पालक जरूर द्यावं, मोकळ्या हवेत खेळवावंही. पण चिऊचा डावा डोळा मागेपुढे लांब झालाय, म्हणून नंबर आहे. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो आणि एक मिलिमीटर जास्त लांबला की नंबर अडीच-तीननं वाढतो. लांबलेला डोळा व्यायामानं आखूड होत नाही. आणि लहान मुलाच्या डोळ्यात घरी केलेला काढा कृपा करून कोणी घालू नये, जंतुसंसर्ग झाला तर जो डोळा चांगला आहे तोही धोक्यात येईल.

चाफेकळी ताई, डोळ्याची लांबी मोजली आहे का? रिपोर्टवर 'अ‍ॅक्सियल लेंग्थ' असं लिहिलेलं असेल.

चाफेकळी | १५ जून, दुपारी २.३०

हो, आहे. उजवा २२.०, डावा २५.८.

निवासी वैद्य | १५ जून, रात्री १०.५०

मी नेत्रविभागात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. ड्यूटी संपवून लिहितोय, काही निसटलं तर विचारा.

२२ आणि २५.८, म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटरचा फरक. साडेनऊ नंबराचा हिशेब तिथेच लागतो.

आता हे मायलिन काय प्रकरण आहे ते. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण, तसं मेंदूतल्या नसांवर मायलिनचं वेष्टण असतं. त्यानं संदेश वेगानं जातो. दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. गर्भाच्या साधारण पाचव्या महिन्यापासून मेंदूकडून डोळ्याकडे असं हे वेष्टण चढत येतं आणि जन्माच्या सुमारास डोळ्याच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबतं. तिथे नस भोकाभोकांच्या एका जाळीतून आत शिरते. त्याला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात, शब्दाचा अर्थच चाळणीसारखा पापुद्रा. वेष्टण करणाऱ्या पेशी या चाळणीच्या अलीकडे येत नाहीत, त्यामुळे डोळ्यातले तंतू उघडे आणि पारदर्शक राहतात आणि प्रकाश त्यांच्यातून पार होऊन खालच्या पेशींपर्यंत पोहोचतो. काही जणांत या पेशी चाळणी ओलांडून आत येतात. मग पडद्यावर पांढरे पट्टे दिसतात, कडेला पिसासारखे विस्कटलेले, कारण ते तंतूंच्या दिशेनंच पसरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता. सशाच्या पडद्यावर असे पांढरे पट्टे निसर्गतःच असतात.

फिर्शो या जर्मन वैद्यानं १८५६ मध्ये माणसाच्या डोळ्यातल्या या प्रकाराचं वर्णन केलं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्राट्स्मा आणि सहकाऱ्यांनी ३,९६८ शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३९ जणांत, म्हणजे शंभरात जेमतेम एकात, हे आढळलं. त्यातल्या तिघांनाच दोन्ही डोळ्यांत होतं. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. अंधबिंदू, म्हणजे नस शिरते तिथली न दिसणारी जागा, थोडा मोठा असतो, एवढंच.

पण याच मंडळींनी १९७९ मध्ये एक त्रिकूट नोंदवलं होतं : ज्या डोळ्यात मायलिन, त्याच डोळ्यात मोठा उणे नंबर, आळशीपणा आणि काहींत तिरळेपणाही. चिऊचं निदान यात बसतं. अशा मुलांत डाग सहसा मोठा असतो, नसेच्या तोंडाभोवती पसरलेला.

नंबर का येतो, यावर दोन मतं आहेत. पहिलं असं की पांढऱ्या थरामुळे पडद्यावर चित्र नीट उमटत नाही आणि धुरकट चित्र मिळणारा वाढता डोळा लांबत जातो. १९७७ मध्ये वीझेल आणि राविओला यांनी माकडाच्या पिल्लांच्या पापण्या शिवून हे दाखवलं होतं, झाकलेला डोळा लांबला. डाग मध्यबिंदूवर नसतानाही नंबर कसा येतो, असा आक्षेप यावर घेतला जायचा. पण पुढच्या प्रयोगांत नुसत्या कडेच्या पडद्याचं चित्र धूसर केलं तरी माकडांचा डोळा लांबला. दुसरं मत उलट बाजूनं येतं : डोळाच मुळात लांब घडत होता, त्या ताणात चाळणी सैल पडली आणि पेशी आत शिरल्या. आधी काय आणि मागून काय, हा वाद मिटलेला नाही.

चिऊसाठी मात्र याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिच्या पडद्याचा मध्यबिंदू, मॅक्युला, मोकळा आहे का? ताई, रिपोर्टमध्ये बघा.

चाफेकळी | १५ जून, रात्री ११.३५

"मॅक्युला स्पेअर्ड" असं लिहिलंय. याचा अर्थ चांगला ना?

निवासी वैद्य | १५ जून, रात्री ११.४२

चांगला. डाग मॅक्युलावर चढलेला असता आणि नंबरातला फरक याहूनही मोठा असता, तर पट्टीनं फार हाती लागलं नसतं. इथे जागा आहे. दृष्टी पूर्ण होईल असं वचन मी देणार नाही, तुमच्या डॉक्टरही देणार नाहीत. पण ६/६० वर सोडून द्यायचा हा डोळा नाही.

नेरूळकर | १७ जून, रात्री ९.१०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझंही हेच. डावाच डोळा. आज ३६ वय आहे. मला अकराव्या वर्षी कळलं. नेरूळच्या मैदानात संध्याकाळी खेळत होतो, उजव्या डोळ्यात चिलट गेलं. डोळा मिटला आणि समोरचा बॉलर धुक्यात गेल्यासारखा झाला. मला वाटलं संध्याकाळ झाली. घरी येऊन आईला सांगितलं, "उजवा मिटला की अंधारतं." नंबर निघाला उणे अकरा.

पट्टी दिली. सातवीतला मुलगा, वर्गात सगळे बघायचे. मी घरून लावून निघायचो आणि जिन्यात काढून खिशात टाकायचो. आईला कळलं नाही. जेमतेम ६/३६ पर्यंत आलो आणि दहावीच्या नावाखाली सगळं सुटलं. आज डाव्या डोळ्यानं माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाला टेकवल्याशिवाय ओतत नाही, नाहीतर बशीत जातो. अनोळखी जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय चाचपडतो. संसार, नोकरी सगळं व्यवस्थित आहे. पण त्या जिन्यातल्या पट्ट्या अजून आठवतात.

ताई, चिऊ साडेचार वर्षांची आहे. तुमच्याकडे मला न मिळालेली साडेसहा वर्षं आहेत. थांबू नका.

आणखी एक. चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणारी, घ्या. माझ्या उजव्या डोळ्याला नंबर नाही तरी मी चोवीस तास चष्मा लावतो, कारण तो एकच चांगला डोळा आहे. त्याला बॉल किंवा खडा लागून चालणार नाही.

पारसिक | १७ जून, रात्री १०.००

नेरूळकर, तुमची पोस्ट मी आमच्याकडे येणाऱ्या पालकांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? आणि एक विचारते, रागावू नका. बाहुली मोठी करून पडदा शेवटचा कधी तपासलात? उणे अकराच्या डोळ्याचा पडदा ताणून पातळ झालेला असतो, तो फाटायचा किंवा सुटायचा धोका असतो. वर्षातून एकदा बघायलाच हवा. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी.

नेरूळकर | १७ जून, रात्री १०.२०

दादर गाठायला लागतं, सुट्टी लागते... तीन वर्षं झाली. जातो.

सीवूड्सचा बाबा | १८ जून, दुपारी १२.४५

माझ्या मुलीला मायलिन नाही, पण एका डोळ्याला उणे आठ आणि आळशीपणा, म्हणून पट्टीची दोन वर्षं काढली आहेत. व्यवहारातलं सांगतो.

पहिला आठवडा वाईट जातो. ती रडेल, कारण तिच्या दृष्टीनं तुम्ही तिचा दिसणारा डोळा काढून घेताय. त्या आठवड्यात तिला एकटीला जिन्यात सोडू नका. पट्टी कातडीला चिकटणारी घ्या आणि तिच्यावर चष्मा. नुसतं चष्म्याच्या काचेवर झाकण लावलं तर मुलं फटीतून चांगल्याच डोळ्यानं बघतात, आमची तेच करायची. काढताना कोमट पाण्याचा बोळा फिरवा, हिसडा देऊ नका. रात्री गालाला खोबरेल तेल.

पट्टीचे तास टीव्हीसमोर ढकलू नका. बारीक काम द्या. आमची मेथी निवडायची, मणी ओवायची, ठिपके जोडून रांगोळी काढायची. आणि वेळ लिहून ठेवा, फ्रिजवर कागद लावून. 'आज लावली होती' आणि 'आज चार तास दहा मिनिटं लावली' यात फार फरक पडतो.

पुढे आम्ही कॉन्टॅक्ट लेन्सवर गेलो. एका बाजूला जाड काच, दुसरीकडे सपाट, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि दोन डोळ्यांतली चित्रं लहानमोठी यायची.

पारसिक | १८ जून, रात्री ८.३०

बाबांनी लेन्सचं सांगितलं ते अगदी महत्त्वाचं. पुस्तकातला नियम सांगतो की डोळा लांबल्यामुळे नंबर आला असेल तर चष्म्यानंच चित्रांचे आकार जुळतात. पण ताणलेल्या पडद्यावर तो हिशेब प्रत्यक्षात जमत नाही, मुलांना लेन्सच सोयीची पडते. शिवाय काचेच्या कडेतून बघताना होणारी ओढाताणही टळते. लेन्स पालकांनी घालायची-काढायची, हात साबणानं धुऊन, नळाचं पाणी लेन्सला कधीही लावायचं नाही. चष्म्यानं सुरुवात करा, लेन्सचं दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांशी बोला.

पट्टी किती तास हे तुमच्या डॉक्टरच ठरवतील. डोळा इतका आळशी असताना बहुधा सहा तास देतात. मुलांमधल्या अभ्यासांत तेवढ्या तासांनी दिवसभराच्या पट्टीइतकाच फायदा दिसला आहे, त्यामुळे घाबरून दिवसभर बांधून ठेवू नका. चांगल्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तारखा चुकवू नका.

गावदेवी | १९ जून, सकाळी ११.००

मी अंगणवाडीत काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्याकडे येतं, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी असते आणि दृष्टी त्यात येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. पथक आलं की पालकांनी हजर राहा आणि एकेक डोळा झाकून बघा असं स्पष्ट सांगा. हा धागा वाचल्यापासून मी स्वतः मुलांच्या डोळ्यांवर हात धरून बघतेय. एकवीस मुलं झाली. एका मुलीनं माझा हात ढकलला, तिला पुढे पाठवलंय.

चाफेकळी | २२ सप्टेंबर, रात्री १०.१५

तीन महिन्यांनी येतेय, माफ करा. सगळ्यांच्या पोस्ट मी छापून घेतल्या होत्या. नेरूळकरांची सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीचा डबा त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, "हे आता माझ्याकडे."

रोज दुपारी शाळेतून आल्यावर पट्टी. सासूबाई ताटात तांदूळ पसरून तिला निवडायला बसवतात. मुद्दाम पाच काळे खडे टाकतात. जूनमध्ये चिऊ डोळ्यांनी शोधायचीच नाही, बोटांनी चाचपडायची. आता ताटावर वाकून एकेक खडा उचलते आणि आजीच्या तळहातावर ठेवून मोजते.

आज तपासणी होती. डावा ६/३६. नंबर तोच आहे. पुढच्या महिन्यात लेन्स.

नेरूळकर | २२ सप्टेंबर, रात्री १०.४०

तीन महिन्यांत ती माझ्या आयुष्यभराच्या दृष्टीपर्यंत पोहोचली. आईंना माझा नमस्कार सांगा.

चाफेकळी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२५

६/२४. लेन्सची सवय झाली, मी ती चिऊ अर्धवट झोपेत असतानाच सकाळी घालते. रविवारी तलावपाळीला गेलो होतो, पट्टी लावूनच. कठड्याशी उभी राहून म्हणाली, "आई, त्या बोटीत एक बाळ आहे." मी स्वतःचा एक डोळा झाकून बघितलं. होतं.

डॉक्टर म्हणतात सहा तास तसेच ठेवा, पुढचं मार्चमध्ये ठरवू. मायलिन जिथे होतं तिथेच आहे, फोटो काढून जुन्याशी ताडून बघितलं.

नेरूळकर, तुम्ही पडदा दाखवून आलात का?

नेरूळकर | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

डिसेंबरमध्ये गेलो. डाव्या पडद्याच्या कडेला एक जागा पातळ झाली आहे. भोक नाही, सध्या लेझरची गरज नाही म्हणाले. जूनमध्ये परत बोलावलंय. तारीख फ्रिजवर लावली आहे.